प्लंबरची तुंबलेली कुंडी

दार्दो पिरिसची टिंगल करायची असेल तर रांगेत उभं राहावं लागतं, कारण पहिला नंबर खुद्द दार्दोचा असतो. "चाळीस वर्षं मी या गावाचं पाणी वाहतं ठेवलं," असं तो चौकातल्या बाकावर बसून सांगतो, "आणि म्हातारपणी एका कुंडीतलं वाटीभर पाणी मला पुढे सरकवता आलं नाही." मग स्वतःच आधी हसून घेतो, म्हणजे दुसऱ्याला संधी नको.

गाव आमचं ओलिमार नदीकाठचं. नाव त्रेइंता इ त्रेस, म्हणजे तेहतीस. गावाला आकड्याचं नाव कुणी देतं का, असं बाहेरचे विचारतात. आम्हाला त्यात काही वाटत नाही. भाताचा मुलूख आहे, तांदळाच्या गिरण्या आहेत आणि गिरण्यांच्या मागे तुसाचे डोंगर आहेत. दार्दो इथला प्लंबर. गावात असं एकही मोरीचं भोक नाही ज्यात त्याने हात घातलेला नाही, आणि प्रत्येक घरात त्याने एकच शिवी हासडलेली आहे: "सिंकमध्ये चोथा कुणी टाकला?"

चोथा म्हणजे 'माते' या आमच्या पेयाचा. आमच्याकडे माणसाच्या काखेत थर्मास आणि हातात भोपळ्याचा तुंबा नसला तर लोक विचारतात, बरं नाही का? तुंब्यात येर्बाच्या पानांची भुकटी भरायची, वरून गरम पाणी ओतायचं, धातूच्या नळीने ओढायचं. एकाने ओतत राहायचं आणि दुसऱ्याने पीत राहायचं. पिणाऱ्याने रिकामा तुंबा परत देताना 'धन्यवाद' म्हटलं की समजायचं, बस, आता नको. तोवर ओतणाऱ्याची सुटका नाही. शेवटी उरतो तो हिरवा चोथा, आणि तो पाइपात गेला की सिमेंट बरं.

दार्दो माते पितो कडू. नुसता पीत नाही, कडूचा अभिमान बाळगतो. आणि त्याची बायको नेलिदा पिते गोड, वर संत्र्याची साल घालून. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण दार्दोने एकदाही तिला गोड माते करून दिला नाही. "साखर घालायची तर केक खा ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. नेलिदा म्हणायची, "एकदा कर रे, म्हाताऱ्या. मेल्यावर करणार आहेस का?" तो म्हणायचा, "मेल्यावरही नाही. इज्जतीचा प्रश्न आहे." त्यामुळे त्यांच्या अंगणात रोज सकाळी दोन खुर्च्या, दोन तुंबे, आणि जो तो आपापला.

आता नेलिदाचे हात. तिची बोटं हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून ते सप्टेंबर, आखडतात, सांधे सुजून गाठी येतात. महिन्याच्या एकोणतिसाव्या तारखेला आमच्याकडे घरोघरी न्योकी, म्हणजे बटाटा आणि पिठाचे उकडलेले छोटे गोळे, होतात, आणि नेलिदाचे न्योकी खायला अर्धी गल्ली यायची. मागच्या हिवाळ्यात तिला पीठच मळता येईना. एका एकोणतीस तारखेला ती ओट्याशी उभी राहून रडली. दार्दोने तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि त्याला काही म्हणजे काही सुचलं नाही. तो सिंकखाली शिरून बरा असलेला पाइप घट्ट करत बसला.

म्हणून नेलिदाने गांजाची झाडं लावली. त्यात लपवाछपवी काही नाही. तिची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, घरी सहा झाडांपर्यंत मुभा आहे. तिने लावली तीनच. फुलं तेलात मंद कढवायची, मेण घालून मलम करायचं आणि हातांना चोळायचं. डॉक्टर म्हणतात गुण मलमाचा की चोळण्याचा हे त्यांना माहीत नाही, पण बरं वाटतं ना, मग चालू दे. चोळायचं काम दार्दोचं. त्याचे हात राकट, पण या कामात तो हलका.

डिसेंबरात मुलगी रोसानाचं बाळंतपण आलं. मुलगी स्पेनला, आलिकांतेला. नेलिदा निघाली ती थेट मार्चअखेर परतणार होती. जाताना तिने दार्दोला कुंड्यांपुढे उभं केलं. "हे बघ. माती मी केली आहे. काळी माती, ओलिमारची जाड वाळू, जाळलेला तूस, जुनं खत. पाणी आत जातं, थोडं राहतं, बाकीचं खालून निघून जातं. बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आणि हुशारी करायची नाही. ऐकलंस?"

"चाळीस वर्षं पाण्याचंच काम केलंय मी."

"तेच तर. म्हणून सांगते, हुशारी करायची नाही. हिवाळ्याचं मलम यातूनच व्हायचंय."

पहिले दोन दिवस दार्दोने बोट घातलं, पाहिलं, सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपला थर्मास घेऊन अंगणात बसला आणि समोरची खुर्ची रिकामी. त्याने एक तुंबा ओढला, दुसरा ओढला. काही केल्या घशाखाली उतरेना. शेवटी तो उठला, आत गेला, नेलिदाचा तुंबा काढला, इकडेतिकडे बघितलं (घरात कुणी नव्हतं, पण सवय), येर्बा भरला, साखर घातली, संत्र्याची साल घातली, आणि तिच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला. मग स्वतःवरच चिडून म्हणाला, "शाब्बास दार्दो! आता खुर्चीला नळी लाव."

पण करून ठेवला तर ओतायला नको? रीत म्हणजे रीत. ओतला, थोडा निवू दिला. पिऊन बघितला, थुंकून टाकला. मग फेकायचा कुठे? शेजारीच कुंडी होती, झाडं नेलिदाचीच. नेलिदाचा माते नेलिदाच्या झाडांना, यात गैर ते काय? पुन्हा ओतला. आता दुसरा माणूस समोर असता तर कधीतरी 'धन्यवाद' म्हणाला असता. खुर्ची काही म्हणेना. त्यामुळे थांबायचं कधी हेच दार्दोला कळेना, आणि थर्मास रिकामा होईपर्यंत तो ओतत राहिला. शेवटी चोथाही कुंडीत. चोथा कुंडीत टाकणं म्हणजे आमच्या गावात पुण्यकर्म. सगळेच टाकतात, मूठभर, कधीमधी. दार्दोने दोन तुंब्यांचा टाकला, रोज, सहा आठवडे.

जानेवारी सरता सरता पहिलं झाड पिवळं पडलं. दार्दोला वाटलं, भूक लागली असेल. त्याने चोथा वाढवला. मग दुसरं मान टाकून बसलं. मातीवर पांढरी बुरशी, कुंडीभोवती चिलटं, आणि मुंग्यांची अशी रांग की जत्रा. खालच्या भोकांतून थेंब येईना. पाणी वरच तळ्यासारखं उभं. दार्दो गुडघ्यावर बसून भोकात तार घालत होता, तेव्हा कुंपणावरून आवाज आला, "काय रे, मोरी साफ करतोयस का झाड?"

ही एल्बिया. शेजारीण, तीस वर्षं रोपवाटिका चालवलेली, आणि नेलिदाची जिवाभावाची मैत्रीण. या तिसऱ्या गोष्टीचीच दार्दोला धास्ती, कारण दोघी दर रविवारी फोनवर बोलतात.

एल्बिया आत आली, पहिली कुंडी उचलून सरळ उपडी केली. काळा, चिकट, आंबूस वासाचा गोळा थपकन पडला. मुळं तपकिरी, बोटांत धरली तर साल सुटून हातात. "बुडवून मारलंस," ती म्हणाली. "नेलिदाची माती कुठे आहे यात? हा सगळा चोथा. पाण्याची वाटच बंद केलीस. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. अति तिथे माती म्हणतात, तू तर मातीतच अति केलंस!"

"चोथा सगळेच टाकतात."

"कुजवून टाकतात. खड्ड्यात सहा महिने ठेवून. आणि एवढा?" तिने काडीने गोळा उकरला. थांबली. नारिंगी रंगाचं काहीतरी काडीला लागलं. "संत्र्याची साल कुठून आली?"

दार्दोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मुंग्यांनी आणली असेल."

"मुंग्यांनी. आणि साखर?"

"मुंगी म्हटली की साखर आलीच."

एल्बियाने त्याच्याकडे असं बघितलं की चाळीस वर्षांपूर्वी तिच्या मोरीत त्याने पाना विसरला होता, तोही त्याला आठवला. पण पुढे काही विचारलं नाही. म्हणाली, "नेलिदाला मी सांगणार नाही. तूच सांगशील. पण तिसरं झाड वाचवायचंय, आणि मी रोज येऊन बघणार. खतखड्डासुद्धा बघणार."

तिसरं झाड जगलं होतं ते दार्दोच्या आळसामुळे. ती कुंडी भिंतीशी होती, खुर्चीपासून पाच पावलं लांब, आणि माणसाने सकाळी सकाळी किती चालायचं? तरी तिथेही चोथा पोचला होताच. खालची पानं पिवळी व्हायला लागली होती. एवढं एकच आता नेलिदाच्या हिवाळ्याला उरलं होतं.

"नवीन माती करायची," एल्बिया म्हणाली.

"तळात खडी घालू," दार्दो म्हणाला. "चार बोटं खडी, वर माती. मी सगळ्या शोषखड्ड्यांत घालतो."

"घाल. तळात खडी आणि वर चिखल. चिखल काय खडीला बघून विरघळणार आहे? निचरा सगळ्या मातीत असावा लागतो, तळाशी नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, खाली उतर."

दार्दो उतरला, पण सहज नाही. त्याला पुरावा हवा होता. त्याने रंगाचे चार रिकामे डबे आणले, खिळ्याने तळाला सारखी भोकं पाडली, आणि भिंतीवर ओळीने ठेवले. पहिल्यात अंगणातली नुसती काळी माती. दुसऱ्यात दुकानातली पिशवीबंद माती, हलकी, फुसफुशीत, पिशवीवर हसणाऱ्या बाईचं चित्र. तिसऱ्यात काळी माती आणि समोरच्या बांधकामावरची बारीक वाळू. चौथ्यात एल्बियाने सांगितलेलं: दोन भाग काळी माती, एक भाग ओलिमारच्या पात्रातली जाड वाळू धुऊन, एक भाग जाळलेला तूस, आणि मूठभर जुनं खत.

तूस जाळणं हे एक वेगळंच प्रकरण झालं. तो भडकून राख होता कामा नये, धुमसून काळा व्हायला हवा. दार्दोने चुलीच्या जुन्या पाइपाचा तुकडा मधोमध उभा केला, भोवती तूस रचला, खालून पेटवलं, आणि पाइप ओढतोय का हे बघायला वरून डोकावला. पाइप चांगलाच ओढत होता. उजवी भुवई गेली.

त्या दिवशी रविवार होता. फोनच्या पडद्यावर नेलिदा दिसली, मांडीवर नातू. "म्हाताऱ्या, घरात टोपी का घातलीस?"

"ऊन फार आहे."

"घरात?" ती जवळ आली. "भुवई कुठे गेली तुझी?"

"एक आहे की."

"झाडं कशी आहेत?"

"एक मजेत आहे," दार्दो म्हणाला. "बाकीची दोन... पडून आहेत." हे तर खोटं नव्हतंच.

नेलिदाने बोटं चोळली. तिकडे थंडी होती. "दुखतात रे फार. येताना मलम संपलं. बाळाला उचलताना भीती वाटते." दार्दोने टोपी आणखी खाली ओढली. त्या दिवशी दुपारची झोपसुद्धा त्याला लागली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

डब्यांची परीक्षा सोमवारी झाली. प्रत्येकात एकएक तांब्या पाणी आणि दार्दोच्या हातात घड्याळ. नुसत्या काळ्या मातीवर पाणी उभं राहिलं, माश्या येऊन बसल्या. बारीक वाळूवाला डबा वाळल्यावर गिलावा झाला. दार्दोने ठोकून बघितला आणि कौतुकाने म्हणाला की यात टाकी बांधता येईल. दुकानातल्या मातीने पाणी झटकन प्यायलं, दार्दो खूश, पण तिसऱ्या दिवशीही डबा उचलला तर तेवढाच जड, आतून ओलाचिंब. चौथ्या डब्यातून मात्र पाणी खाली आलं, भांड्यात सरसर पडलं, थांबलं. दुसऱ्या दिवशी बोट घातलं तर आत नुसता ओलावा, वर कोरडं. दार्दो त्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. अशी सुरेख मोरी त्याने आयुष्यात बसवली नव्हती.

"नेलिदाने हेच सांगितलं होतं," तो म्हणाला.

"शब्दन् शब्द," एल्बिया म्हणाली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसऱ्याच्या घरी चोथ्यावरून आईबाप काढायचे, आणि आपल्या घरी?"

झाड हलवताना दार्दोने बुंधा दोन्ही हातांनी धरला. एल्बियाने कुजकी मुळं कापली, पांढरी राखली, चिखल हलकेच झाडला. त्याने नवी माती भोवती सोडली, दाबली नाही. पुढचा आठवडाभर झाड नुसतं उभं होतं, ना मरत होतं ना जगत होतं. दार्दो दर तासाला जाऊन बघायचा, हात मागे बांधून, म्हणजे चुकून पाणी घालायला नको. नवव्या दिवशी टोकाला एक हिरवं पान सुटलं. त्याने ते एल्बियाला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, चौकात जाऊन सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, गोड माते बंद झाला असेल. छे! खुर्ची रिकामीच होती ना. फक्त आता तो टाकायचा कुठे हा पेच पडला. कुंडीत तर नाही. खतखड्ड्यात टाकावा तर एल्बिया रोज काडी घेऊन हजर, आणि संत्र्याची साल दिसली की तिचा तो कटाक्ष. कचऱ्याच्या पिशवीचीही खात्री नाही, कारण पिशवी बाहेर ठेवायची वेळ तिला ठाऊक. खाई त्याला खवखवे. शेवटी आमच्या या प्लंबरने, ज्याने चाळीस वर्षं गावाला शिव्या घातल्या, त्याने आपल्या स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि चोथा सिंकमध्ये सोडला. रोज. वरून भरपूर पाणी सोडायचा, आणि मनाशी म्हणायचा, "जाईल, जाईल." गिऱ्हाइकंही हेच म्हणायची.

सत्तावीस मार्चला नेलिदा आली. बॅग ठेवायच्या आधी अंगणात गेली. दोन कुंड्यांच्या जागी दोन गोल डाग, आणि भिंतीशी एकच झाड, कमरेएवढं, मोजकी फुलं धरलेलं. दार्दोने पाठ केलेलं सगळं भाषण विसरून सांगितलं, "दोन मी मारली. चोथा घालून, बुडवून. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही."

नेलिदाने मातीत बोट घातलं, चोळून पाहिलं. "ही माती चांगली आहे," ती म्हणाली. मग फुलांकडे बघितलं. "एक डबी होईल."

"हिवाळ्याला पुरेल?"

"नाही पुरायची. ऑगस्टपर्यंत, जपून वापरली तर." ती रागावली नाही, आणि दार्दोला तेच जास्त लागलं. ती आत गेली तेव्हा दाराची कडी तिने तळव्याने लोटून उघडली, बोटांनी नाही. ते त्याने पाहिलं.

दोन दिवसांनी एकोणतीस तारीख. नेलिदा म्हणाली, थोडेसे तरी करू, बटाटे तू सोल, पीठ तू मळ, मी सांगते. दार्दोने बटाटे उकडले, पाणी सिंकमध्ये ओतलं. पाणी उभं राहिलं. त्याने झारा हलवला. पाणी आणखी वर आलं, फेसाळ, पिवळट, आणि गुडगुड असा एक आवाज आला, जो दार्दोने हजार घरांत ऐकला होता.

"तुंबलं?" नेलिदा म्हणाली. "तुझ्या घरात?"

"जुना पाइप आहे," दार्दो म्हणाला आणि बादली घेऊन सिंकखाली शिरला. वळणाचा पाइप सोडवला. आतून हिरवी गुठळी आली, मग आणखी एक, मग येतच राहिली, बादलीत थपथप. दार्दो खाली उताणा पडून डोळे मिटून होता. आता पितळ उघडं पडायला फार वेळ उरला नव्हता.

नेलिदा वाकली. दोन वाकड्या बोटांनी तिने बादलीतून काहीतरी उचललं. "हे काय आहे?"

"संत्र्याची साल," सिंकखालून आवाज आला.

"तू संत्रं खात नाहीस."

सिंकखाली पाना पाइपावर उगाच दोनदा वाजला.

"दार्दो. बाहेर ये."

तो बाहेर आला, केसांत चोथा, उजव्या बाजूला अर्धवट उगवलेली भुवई. "तू गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला. "रोज. खुर्चीपुढे ठेवायचो. मला एकट्याला पिववेना. आधी कुंडीत टाकत होतो, म्हणून झाडं गेली. मग इथे."

नेलिदाने ती साल तळहातावर ठेवली. "साखर किती घालायचास?"

"दोन चमचे."

"मी दीड घेते."

"मला काय माहीत? मी कधी केलाय?"

"तेच म्हणते मी." तिचा आवाज चढला, आणि मग फुटला. "एक्केचाळीस वर्षं मागितला मी, एकदा केला नाहीस. शेवटी केलास तेव्हा पाजलास कुणाला? झाडांना आणि मोरीला!"

"तू नव्हतीस ना," दार्दो म्हणाला. "तू असताना लाज वाटायची."

ती हसली की रडली ते त्याला नीट कळलं नाही, दोन्ही असावं. तिने खुर्ची ओढली, बसली, दुखरे हात मांडीवर ठेवले. "मग आता कर. दीड चमचा. मी बघत्येय."

पाइप तसाच उघडा, बटाटे गार होत चाललेले. दार्दोने हात धुतले, अंगणातल्या नळावर. तिचा तुंबा घेतला, येर्बा भरला, दीड चमचा साखर मोजून घातली, साल सोलताना ती त्याच्या राकट हातांत दोनदा तुटली. पाणी ओतून तुंबा तिच्या ओंजळीत दिला, आणि गरम तुंब्याभोवती तिची बोटं हळूहळू मिटेपर्यंत आपले हात त्यावर धरून राहिला.

नेलिदाने शेवटच्या थेंबापर्यंत ओढला. रिकामा तुंबा त्याच्यापुढे केला. धन्यवाद म्हणाली नाही.

दार्दोने थर्मास उचलला आणि पुन्हा ओतला.